ओठ न लावता

माझा काका वाइन वरून पितो. डोकं मागे टाकायचं, ग्लास ओठांपासून चार बोटं वर धरायचा आणि धार थेट घशात सोडायची. ओठाला थेंब लागता कामा नये. तंजावरात पाणी असंच पितात, मीही पिते. भांड्याला तोंड लावलं की ते उष्टं झालं, मग ते कुणाच्याही घरचं असो. पाण्याचं ठीक आहे, पाण्याला वास नसतो. पण शिराझ? अरे देवा, या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत चांगल्या चांगल्या बाटल्या अशा घशात ओतल्यात, आणि वर मलाच विचारतो, "यात एवढं निवडायचं काय असतं ग?"

काकाला मी तोंडावर तुम्ही म्हणते. आप्पांचा धाकटा भाऊ, घरात त्याला मान. इथे लिहिताना मात्र अहोजाहो माझ्याने होणार नाही, ते आधीच सांगून ठेवते.

दुकानासाठी वाइन निवडायची हे माझं काम. शिकले नाशिककडे. तिथल्या एका वायनरीत बरीच वर्षं काढली आणि मराठी लिहा-वाचायलाही तिथेच शिकले. आमच्या तंजावरच्या घरांत मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारा माणूस शोधावा लागतो. मी तोंड उघडलं की तिथल्या मुली खुदखुदायच्या. "ताई, तुमची मराठी कुठल्या काळातली हो? आणि सूर असा मद्राशी कसा?" हसा म्हटलं, हसून घ्या. सूर मद्राशी असेल, पण वायनरीत कुठल्या टाकीत काय बिनसलंय हे बघायला शेवटी मलाच बोलवायचे.

ते नाक मला आईने दिलं. आमच्याकडे देवाला किंवा पितरांना दाखवायच्या स्वयंपाकाची चव घेत नाहीत. वाकून वासही घेत नाहीत. मग मीठ पडलं की नाही हे कळायचं कसं? आई म्हणायची, वाफ आपल्या पायाने येते, तिला येऊ दे. ती सणाला एवढ्या पंगतीचा स्वयंपाक करायची आणि जिभेला कणभर लावायची नाही. मला चुलीपासून लांब, दारात उभी करायची आणि विचारायची, "काय कमी आहे?" चिंच कच्ची आहे, मी सांगायचे. हिंग जळला. मीठ नाही. बिनमिठाच्या आमटीला वास येतो म्हटलं तर लोक हसतात. हसू देत. तिची वाफ बोथट असते, नाकाशी येऊन थांबते, आत शिरत नाही. चुकलं की आई पळीची दांडी पाठीत घालायची. पुढे नाशिकला माझा वाइनमेकर म्हणाला, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, पळीने.

आई गेली तेव्हा आप्पा एकटे पडले आणि मी परत आले. लग्नबिग्न मी केलेलं नाही, त्यामुळे कुणाला विचारायचं नव्हतं. आता तंजावरात वाइन निवडणाऱ्या बाईला कोण काम देणार? आमच्या राज्यात दारूचं दुकान सरकारचं, खासगी कुणाला काढता येत नाही. खासगी दुकान हवं तर पलीकडे कारैकालला जायचं, ते पुदुच्चेरीत मोडतं. आणि नेमका काकाच तिथे दुकान काढून बसला होता. बोर्डावर नाव भागीदाराचं. तंजावरात विचारलंत तर काका पापनाशमला भाताचा व्यापार करतो. भाताचा! कपाळाला विभूती, कानावर तुळस, आणि आठवड्यातून दोनदा "भात बघायला" कारैकाल. करून सवरून नामानिराळं कसं राहावं हे शिकायचं असेल तर आमच्या काकाच्या पायाशी बसावं.

तो घरी आला, आप्पा आत आहेत हे बघून घेतलं आणि हळूच मला म्हणाला, "तुला त्यातलं कळतं म्हणे. ये दुकानात. पण घरात बोलू नकोस."

"मी काय करते ते मी लपवणार नाही," मी म्हटलं.

"तुझं तू सांग. माझं नाव काढू नकोस."

म्हणजे बघा, दुकान त्याचं आणि बभ्रा माझा. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण मला ते काम आवडतं, हे खरं आहे. पहाटेची बस पकडायची, पापनाशम, कुंभकोणम मागे टाकत जायचं, दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकी उघडून बाटल्या ओळीने मांडायच्या. बरोबर माझी पितळेची पिकदाणी. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. दिवसभर निवडत बसले तरी पोटात काही जात नाही. आणि मनात गिऱ्हाईक धरायचं. कारैकालचा माणूस मासळीची आंबट-तिखट आमटी खातो. तिच्याबरोबर जडशीळ लाल वाइन प्याली तर तिखट आणखी पेटतं आणि तोंड कडू होतं. म्हणून मी थोडी गोडसर, धारदार पांढरी ठेवायची. काका म्हणायचा, "पांढरी बायका पितात." बाटलीवर घोड्याचं चित्र असलं की मात्र तो खूष. "घोडा खपतो," म्हणायचा. मी म्हटलं, मग तबेला काढा. तरी माझी पांढरी खपायला लागली, लोक नाव विसरायचे पण "ती मासळीची द्या" म्हणून मागायचे. त्याबद्दल एक अवाक्षर काकाच्या तोंडून निघालं नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात तो लाल माल आला.

कंपनीचा माणूस नमुन्याची पेटी घेऊन आला आणि भाव निम्म्याने खाली बोलला. तेव्हाच माझ्या भुवया वर गेल्या. बाटलीचं बूच बोटभर वर आलेलं, मानेवर चिकट डाग. उन्हाळाभर पत्र्याखाली तापलेला माल असा दिसतो. उघडली, तर उकडलेल्या मनुकांचा वास, आणि त्याच्या मागून शिर्क्याचा, म्हणजे व्हिनेगरचा. घोट घेऊन थुंकला. मी म्हटलं, "हा माल शिजलाय. नको."

काकाने भागीदाराला हाक मारली, बर्फ मागवला. स्टीलच्या पेल्यात बर्फ भरून त्यावर वाइन ओतली, डोकं मागे टाकलं आणि अख्खा पेला वरून सोडला. डोळे मिटले. "फर्स्ट क्लास," म्हणाला. "थंड आहे, गोड आहे. आणखी काय पाहिजे?"

"काका, तिला नाकाजवळ तरी येऊ द्या! ओठ लावा पेल्याला, श्वास घ्या, मग बोला."

"शी!" तो म्हणाला. "चारचौघांच्या पेल्याला ओठ लावू? मी काय दारुडा आहे?"

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा मनात घोळवलंय. त्याच्या लेखी ओठाला लागलं नाही म्हणजे प्यायलाच नाही. भागीदारानेही तसाच वरून ओतून घेतला आणि मान हलवली. गोठवलेली धार सरळ घशात, तिला वास येणार कुठून? गटारातलं पाणी दिलं असतं बर्फ घालून, तरी फर्स्ट क्लास म्हणाले असते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना सांगितलं, हे घेऊ नका, गिऱ्हाईक बाटल्या तोंडावर फेकेल. काका हसला. "एवढं नाक वर करून चालू नये ग माणसाने." आणि सगळा माल उचलला.

गिऱ्हाइकाने बाटल्या आणून दिल्याच. पण मला जे भोवलं ते दुकानात नाही, आमच्याच ओट्यावर.

आमच्या गल्लीत एक डॉक्टर राहतात, आप्पांचे जुने ओळखीचे. मी वाइन निवडते हे त्यांना माहीत, आणि माझ्या भरवशावर त्यांनी कारैकालहून ती लाल बाटली आणली होती. संध्याकाळी आप्पा आणि काका घरापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, बसले होते. मी आत तांदूळ निवडत होते. डॉक्टर पिवळ्या कापडी पिशवीत बाटली घालून आले. रागावले नव्हते बिचारे, अवघडले होते. आप्पांना म्हणाले, "मुलीला सांगा, या वेळचं जमलेलं नाही. व्हिनेगर झालंय."

मी ताट बाजूला ठेवून दारापर्यंत येते न येते, तोच काका बोलला. त्याने नुसतं म्हणायचं होतं की तिने नको म्हटलं होतं. किंवा गप्प बसायचं होतं. तो म्हणाला, "तिची जीभ गेलीय हो डॉक्टर. पिऊन पिऊन जीभ राहते का? आम्ही घरातली माणसं, काय बोलणार."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी आप्पांकडे बघितलं. आप्पा पिशवीच्या पिवळ्या बंदाकडे बघत होते. डॉक्टर खाली मान घालून गेले. मी काकाला म्हटलं, "खोटं बोलताय तुम्ही," तर तो आप्पांना म्हणाला, "बघितलंत अण्णा? बोलण्याची पद्धत बघितलीत?" आणि चपला घालून निघून गेला. आप्पा उठून दिवा लावायला आत गेले.

पण ती फक्त सुरुवात होती. आईचं श्राद्ध तोंडावर आलं होतं.

परत आल्यापासून आईच्या श्राद्धाचा स्वयंपाक मी करत होते. अंघोळ करून, ओल्या साडीत, तिच्याच चुलीवर, तिच्याच पद्धतीने, जिभेला काही न लावता. वर्षातून एक दिवस मी तिच्याजवळ असायचे. दुसरं काही माझ्याकडे उरलेलं नाही. साड्या वाटून टाकल्या, दागिने केव्हाच नव्हते. तो स्वयंपाक तेवढा माझा होता.

काका श्राद्धाच्या दोनच दिवस आधी आला आणि आप्पांना म्हणाला, "या वर्षी कुंभकोणमचा आचारी सांगितलाय. जिभेला दारू लागलेल्या बाईच्या हातचं पितरांना चालायचं नाही. गल्लीत बोभाटा झालाय." अहो, बोभाटा झालाय! केला कुणी? मी आतून बाहेर आले. "आप्पा," मी म्हटलं, "तुम्ही काही बोलणार आहात का?" आप्पा म्हणाले, "एक वर्षाचा प्रश्न आहे." असं म्हणाले. ज्या माणसाला मी रोज सकाळी कॉफी करून देते त्याने हे म्हटलं. मी त्या रात्री जेवले नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

काकाचा राग तर होताच, पण तो मला परवडणारा होता. आप्पांचा मला असा राग आला की त्यांच्या खोलीवरून जाताना मी पाय आपटत जायचे, पंचेचाळिशीची बाई. एका भावाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकून घ्यायचं, आणि मधल्यामध्ये आईच्या चुलीपुढून मला उठवायचं!

श्राद्धाच्या दिवशी मी तरीही अंघोळ केली, ओली साडी नेसले आणि मागच्या चौकात, मित्तमात, पायरीवर जाऊन बसले. हाकलून दाखवा म्हटलं. केळीची पानं पुसायलाही कुणी मला हात लावू दिला नाही. पुढे वाध्यार, म्हणजे आमचे भटजी, बसले होते, मंत्र चालले होते. आत आचारी परातींचा खणखणाट करत होता. काका सोवळं नेसून स्वयंपाकघराच्या दाराशी पहाऱ्यावर. आदल्या दिवशी हाच माणूस कारैकालला "भात बघून" आला होता.

मग वाफ आली. मी काही वाकले नाही, नाक पुढे केलं नाही. ती खिडकीतून आली, आपल्या पायाने. भोपळा शिजलाय. कढीलिंब बेताचा. चिंच जुनी, चांगली. आणि वाफ नाकाशी येऊन थांबली. आत शिरेना.

आमटीत मीठ नव्हतं.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते. मला आनंद झाला. खा, म्हटलं. खा अळणी! चव कुणी घेणार नाही, घेताच येत नाही, आणि एकदा वाध्यारांच्या पानात वाढलं की मग मीठ वरून वाढता येत नाही, आमच्याकडे ते चालत नाही. बसू दे काकाला तोंड वाकडं करून. आचारी त्याने आणलेला, आब जाईल तो त्याचा. गुडघ्याला मिठी मारून मी घट्ट बसून राहिले. आत पानं मांडल्याचा आवाज आला. पण ते जेवण काकाचं नव्हतं ना. माझ्या आईचं होतं. जन्मभर जिने जिभेला न लावता कुणाच्या पानात अळणी घास पडू दिला नाही, तिला आम्ही वर्षातून एकदा जेवू घालणार, तेही असं? मी उठले आणि पुन्हा बसले. मी बोलले तर काका म्हणणार, नाक खुपसून स्वयंपाक बाटवला. नाही बोलले तर आई उपाशी. रडू येत होतं ते रागाने.

तेवढ्यात मागच्या दारात आप्पा दिसले. ओलं धोतर, उघडे खांदे, बोटात दर्भाचं पवित्रक. मधूनच उठून आले होते. मला वाटलं, आत जा म्हणून सांगायला आलेत. ते उंबऱ्यावर थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय कमी आहे?"

आईचे शब्द. तसेच. मी इतकी वर्षं ते कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

"मीठ," मी म्हटलं. "आमटीत मीठच नाही."

काका मागून धावत आला. "अण्णा, तिला काय विचारता? आचाऱ्याने घातलंय की! आणि तिने वास घेतला म्हणजे सगळं उष्टं झालं. तिच्या तोंडाला..."

"वाफ आली तर मी काय नाक कापून ठेवू?" मी ओरडले.

आप्पा मागे वळले. माझे आप्पा कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. पण आचारी, वाध्यार, पानं मांडणाऱ्या आत्या, सगळ्यांना ऐकू गेलं. ते काकाला म्हणाले, "ती थुंकते. तू गिळतोस."

काका उभाच राहिला.

"दुकान तुझं आहे," आप्पा म्हणाले. "तिने त्या मालाला नको म्हटलं असणार. तिच्या आईची मुलगी आहे ती." मग मला म्हणाले, "अंघोळ झालीय ना? आत ये."

मी आत गेले. आचारी घामाघूम झाला होता, "घातलंय अम्मा, नक्की घातलंय," म्हणत होता. मोजून ठेवलेलं मीठ केळीच्या द्रोणात पातेल्यामागे होतं तसं होतं. मी द्रोण उचलला, अंदाजाने मूठ घेतली, घातलं, पळी फिरवली. दारात जाऊन उभी राहिले, जिथे आई मला उभी करायची तिथे. वाफ आली आणि आत शिरली. "वाढा," मी म्हटलं.

वाध्यारांनी आमटी मागून घेतली. काकानेही. त्याच पंगतीत बसला निर्लज्जपणे, तीनदा घेतली, मग पेला उचलून पाणी वरून प्यायला. हात धुताना मला हळूच म्हणाला, "सोमवारी नवीन माल येतोय. लवकरची बस धर."

"येईन," मी म्हटलं, "तुम्ही माझ्यासमोर, भागीदारासमोर, पेल्याला ओठ लावून प्यायचं कबूल केलंत तर. नाहीतर घोडे बघून घ्या."

त्याने ओठ काही लावले नाहीत. माझी पिकदाणी त्या खोलीतून मी घेऊन आलेय, ती आता परसात पडून आहे.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. त्या दुपारी सगळे गेल्यावर मी आमटीचं पातेलं घासत होते आणि आप्पा पायरीवर येऊन बसले. त्यांना वाटलं असावं, आता मी खूष असेन. मी विचारलं, "दुकान त्याचं आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्यापासून," ते म्हणाले. "तुझ्या आईबरोबर जन्म काढला. मला नाक नाही का? तो ओट्यावर येऊन बसला की वास यायचा."

"म्हणजे डॉक्टर आले तेव्हाही माहीत होतं."

त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला.

"त्याने माझी जीभ गेली म्हटलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं, आप्पा. आणि तुम्ही दिवा लावायला गेलात."

"तो धाकटा आहे माझा," आप्पा म्हणाले.

माझ्या हातात राखेची मूठ होती. "आणि मी?" मी विचारलं. "मी कोण तुमची?"

आप्पा पातेल्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्या वतीने उत्तर शोधून दिलं नाही. पातेलं रिकामं होतं. आईच्या श्राद्धाची आमटी या वर्षी सगळी संपली होती.